शिरोड्याचे मीठ आणि चंद्रावरचे पाणी

मानवाच्या अवकाशप्रवासाच्या भवितव्याविषयी चर्चा होते तेव्हा अग्निबाण किती मोठा असेल, मंगळावर माणूस कोणत्या वर्षी उतरेल आणि तो मान कोणत्या देशाला मिळेल, हेच प्रश्न बहुधा पुढे असतात. पृथ्वीपासून दूर गेलेल्या माणसाला तेथे किती दिवस जगता येईल हे मात्र वेगळ्याच प्रश्नांवर ठरणार आहे. प्यायचे पाणी कोठून येईल, तेच पाणी किती वेळा शुद्ध करून वापरता येईल, श्वासासाठी आणि परतीच्या प्रवासासाठी प्राणवायू कशातून काढता येईल, आणि परक्या भूमीवरून जे काही उचलले जाईल त्यावर कायद्याने हक्क कोणाचा राहील, हे ते प्रश्न होत. यांतील पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी क्षारांच्या रसायनाशी निगडित आहेत, आणि चौथ्या प्रश्नाचा एक जुना, रक्त सांडून लढवला गेलेला खटला महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच घडलेला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा हे गाव मिठागरांसाठी आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहासाठी प्रसिद्ध आहे, आणि या दोन्ही कारणांनी ते अवकाशयुगाच्या अभ्यासकाने नीट पाहावे असे गाव आहे.

मिठागरात काय घडते ते आधी पाहिले पाहिजे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात आणि त्यांतील तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग सोडिअम क्लोराइडचा, म्हणजे खाण्याच्या मिठाचा असतो. उरलेल्या भागात मॅग्नेशिअम, कॅल्शिअम आणि पोटॅशिअम यांचे क्षार असतात. पावसाळा सरल्यानंतर भरतीचे पाणी बांध घातलेल्या उथळ वाफ्यांत घेतले जाते आणि ऊन व वारा यांनी ते हळूहळू घट्ट होत जाते. घट्ट होताना सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. प्रथम कॅल्शिअम कार्बोनेट बसते. पाणी आटून मूळच्या सुमारे चौथ्या-पाचव्या हिश्शावर आले की कॅल्शिअम सल्फेट, म्हणजे जिप्सम, बसू लागते. आणि ते जवळजवळ दहाव्या हिश्शावर आल्यावर मिठाचे स्फटिक धरू लागतात. मॅग्नेशिअमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यात टिकून राहतात, आणि म्हणूनच मीठ ओढून घेतल्यावर उरलेले पाणी कडवट लागते. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात केव्हा सोडायचे हे जाणण्यातच मिठागरातील कामगाराचे कौशल्य असते, कारण घाई झाली तर मिठात जिप्सम मिसळते आणि उशीर झाला तर मीठ कडू होते.

क्षारांच्या बसण्याचा हा क्रम पृथ्वीपुरता नाही. बेन्नू नावाच्या, जेमतेम अर्धा किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहावरून ओसायरिस-रेक्स या अमेरिकी यानाने आणलेली १२१.६ ग्रॅम माती २४ सप्टेंबर २०२३ रोजी पृथ्वीवर उतरली, आणि तिच्या परीक्षणाचे जे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले त्यांत सोडिअमयुक्त फॉस्फेटे, कार्बोनेटे, सल्फेटे आणि क्लोराइडे आढळल्याचे नमूद होते. बेन्नू ज्या मोठ्या पिंडाचा तुकडा आहे त्याच्या पोटात कोट्यवधी वर्षांपूर्वी खारट पाणी होते आणि ते आटत गेले तसतसे हे क्षार एकामागून एक बसत गेले, असा त्याचा अर्थ लावला गेला आहे. शनीच्या एन्सेलाडस या उपग्रहातून उसळणाऱ्या बर्फकणांत कॅसिनी यानाला सोडिअमचे क्षार सापडले होते. गुरूच्या युरोपा या उपग्रहाच्या बर्फाखालीही खारा महासागर असावा असे मानले जाते, आणि त्याची तपासणी करण्यासाठी १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेले युरोपा क्लिपर हे यान २०३० मध्ये गुरूजवळ पोचणार आहे. जेथे पाणी खडकाला भिडले तेथे क्षार निर्माण झाले, आणि जेथे माणूस पाणी शोधायला जाईल तेथे त्याला क्षारांशीच व्यवहार करावा लागेल.

हा व्यवहार अवकाशस्थानकात आधीच सुरू झाला आहे, आणि त्याची हकीकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे. पृथ्वीभोवती सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात प्रत्येक माणसाला पिण्यासाठी, जेवणासाठी आणि स्वच्छतेसाठी मिळून दिवसाला सुमारे ३.८ लिटर पाणी लागते. हे सारे पाणी पृथ्वीवरून नेणे परवडत नसल्यामुळे घाम, उच्छ्वासातील बाष्प आणि मूत्र यांतून ते परत मिळवले जाते. मूत्रातील पाणी ऊर्ध्वपातनाने, म्हणजे त्याची वाफ करून आणि ती पुन्हा थंड करून, वेगळे काढणारे यंत्र २००८ च्या अखेरीस तेथे बसवले गेले. मूत्रातील ८५ टक्के पाणी परत मिळेल अशी त्याची रचना होती. परंतु वर्षभरातच यंत्रात कठीण थर साचून ते बंद पडले. तो थर होता कॅल्शिअम सल्फेटचा, म्हणजे मिठागरात मिठाच्या आधी बसणाऱ्या जिप्समचाच. पृथ्वीवरच्या चाचण्यांत तो का दिसला नाही याचे कारण यंत्रात नव्हते, माणसाच्या शरीरात होते. वजनरहित अवस्थेत हाडांवर भार पडत नाही. भार नसलेले हाड झिजू लागते, नितंबाच्या भागातील हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटू शकते, आणि झिजलेल्या हाडातील कॅल्शिअम मूत्रावाटे बाहेर पडते. मूत्र टिकवण्यासाठी त्यात घातल्या जाणाऱ्या सल्फ्युरिक आम्लातून सल्फेट मिळत होते, अंतराळवीरांच्या हाडांतून कॅल्शिअम मिळत होते, आणि पाणी आटताच दोन्ही मिळून जिप्सम बसत होते. काही काळ ७० ते ७५ टक्के पाण्यावरच समाधान मानावे लागले. पुढे सल्फ्युरिक आम्लाऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरण्यात आले तेव्हा अडचण दूर झाली. उरलेल्या दाट खाऱ्या द्रवातूनही पाणी काढणारे आणखी एक उपकरण २०२१ मध्ये स्थानकावर गेले आणि २०२३ मध्ये एकूण पाण्यापैकी ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचे उद्दिष्ट साध्य झाले.

या टक्केवारीचे महत्त्व एका साध्या हिशेबाने ध्यानात येते. मंगळावर जाऊन परत येण्यास अडीच वर्षांच्या आसपास, म्हणजे ढोबळ मानाने ९०० दिवस लागतील असे धरले, तर चार माणसांना दिवसाला ३.८ लिटर या हिशेबाने १३,६८० लिटर पाणी लागेल. त्यातील ७५ टक्के पाणी परत मिळाले तर सुमारे ३,४०० लिटर पाणी बरोबर न्यावे लागेल. ९८ टक्के परत मिळाले तर पावणेतीनशे लिटर पुरेल, अर्थात संकटकाळासाठीचा साठा वेगळा. मंगळाच्या दिशेने पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक किलोग्रॅमसाठी जमिनीवरून कित्येक पट इंधन उचलावे लागते हे लक्षात घेतले, तर एका यंत्रातील जिप्समचा थर ही किरकोळ दुरुस्तीची बाब राहत नाही, हे वेगळे सांगायला नको. पुनर्वापराची ही यंत्रे वर्षानुवर्षे, सुट्या भागांच्या पुरवठ्याविना चालू शकतील काय, हा मंगळमोहिमेपुढील सर्वांत गंभीर प्रश्नांपैकी एक आहे, आणि वृत्तपत्रांत त्याला अग्निबाणांच्या चित्रांइतकी जागा कधीच मिळत नाही.

अंतराळवीरांच्या ताटातले मीठही या कथेत येते. मिठाचे कोरडे कण स्थानकात शिंपडले तर ते तरंगून डोळ्यांत आणि यंत्रांत जातात, म्हणून तेथे मीठ पाण्यात विरघळवून दिले जाते. जेवणात सोडिअमचे प्रमाण जास्त असेल तर हाडांतील कॅल्शिअमचा ऱ्हास आणखी वाढतो असे अभ्यासांत दिसून आल्यामुळे अमेरिकी अवकाशसंस्थेने स्थानकावरील अनेक पदार्थांमधील सोडिअम कमी केले. रोज दोन तासांच्या आसपास व्यायाम, नियंत्रित आहार आणि औषधे यांच्या साहाय्याने हाडांची झीज आता बरीच आटोक्यात आली आहे. किरणोत्साराचा प्रश्न त्या मानाने अजून सुटलेला नाही. क्युरिऑसिटी यानावरील मापकाने मंगळाच्या वाटेवर दिवसाला सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट इतकी किरणोत्साराची मात्रा नोंदवली. पृथ्वीवर माणसाला निसर्गातून वर्षभरात मिळणारी सरासरी मात्रा साधारण अडीच ते तीन मिलिसीव्हर्ट असते. यावर औषध नाही, आणि जाड कवच न्यायचे तर पुन्हा वजनाचा प्रश्न उभा राहतो. पाणी हे या किरणोत्साराविरुद्धचे चांगले कवच असल्यामुळे चर्चा पुन्हा पाण्याशीच येऊन थांबते.

पृथ्वीवरून उड्डाण करण्यासाठी लागणारे इंधनही मिठापासून फार दूर नाही. घन इंधनाच्या अग्निबाणात ज्वलनाला लागणारा प्राणवायू अमोनिअम परक्लोरेट या पांढऱ्या स्फटिकरूप क्षारातून मिळतो. मिठाच्या द्रावणातून वीज सोडली की सोडिअम क्लोरेट तयार होते, त्यावर पुन्हा तीच क्रिया केली की सोडिअम परक्लोरेट मिळते, आणि त्याची अमोनिअमच्या क्षाराशी अदलाबदल घडवून अमोनिअम परक्लोरेट बनवले जाते. मिठाच्या रेणूतील क्लोरीनला प्राणवायूचे चार अणू जोडणे, असे या प्रक्रियेचे सार सांगता येईल. हा क्षार, ॲल्युमिनिअमची भुकटी आणि त्यांना धरून ठेवणारे रबरासारखे बहुवारिक द्रव्य यांचे मिश्रण म्हणजे आधुनिक घन इंधन, आणि त्यात वजनाने दोन-तृतीयांशाहून अधिक भाग परक्लोरेटचा असतो. भारतीय अवकाश संशोधन संस्था, म्हणजेच इस्रो, हा क्षार केरळातील आलुवा येथील आपल्या कारखान्यात तयार करते. भारताला हे तंत्र कोणी आयते दिले नाही. ते केरळातीलच थुंब्याच्या किनाऱ्यावर उभे करणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते, आणि १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ या चारही टप्पे घन इंधनाचे असलेल्या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला तेव्हा ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. त्यांचे नाव मराठी वाचकांना मोसमी पावसाच्या अंदाजासाठी अधिक ठाऊक असले, तरी घन इंधनावरील त्यांचे काम भारताच्या मानवी उड्डाणाचा पाया ठरले आहे.

कारण गगनयान मोहिमेतील भारतीय अंतराळवीरांना नेणाऱ्या एलव्हीएम-३ या अग्निबाणाला जमिनीवरून उचलण्याचे काम त्याच्या दोन्ही बाजूंचे एस-२०० हे घन इंधनाचे खंड करतात. त्या प्रत्येकात सुमारे २०५ टन इंधन असते, म्हणजे एका उड्डाणात अडीचशे टनांहून अधिक परक्लोरेट जळते. या खंडांची पोलादी कवचे घडवणाऱ्या कारखान्यांत पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर आहे, आणि अग्निबाणाची द्रव इंधनाची इंजिने घडवण्यात विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्याचा दीर्घ अनुभव आहे. घन इंधन एकदा पेटले की विझवता येत नाही. म्हणून माणसे नेणाऱ्या अग्निबाणात संकटसमयी प्रवासी कुपी ओढून दूर नेणारी वेगळी यंत्रणा लागते, आणि उड्डाण सुरू असतानाची तिची पहिली चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून यशस्वी झाली. गगनयानासाठी निवडलेल्या चौघांपैकी शुभांशु शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये अमेरिकी खासगी मोहिमेतून आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहून आले. १९८४ मधील राकेश शर्मा यांच्या प्रवासानंतर पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेलेले ते दुसरे भारतीय नागरिक. २०३५ पर्यंत स्वतःचे अवकाशस्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस, ही उद्दिष्टे केंद्र सरकारने २०२३ मध्ये जाहीर केली आहेत.

परक्लोरेटाची पुढची भेट मंगळावर होते, आणि तेथे तो उपकारक व अपायकारक अशा दोन्ही रूपांत समोर येतो. २००८ मध्ये मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरलेल्या फीनिक्स यानाला तेथील मातीत वजनाने सुमारे अर्धा टक्का परक्लोरेट आढळले. पृथ्वीवर जे कारखान्यात बनवावे लागते ते तेथे नैसर्गिकरीत्या जमिनीत आहे. ते तापवले की प्राणवायू सुटतो, ही जमेची बाजू झाली. शिवाय परक्लोरेट मिसळलेले पाणी उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली द्रवरूप राहू शकते, आणि त्यामुळे मंगळावर कोठे कोठे खारा ओलावा टिकू शकेल काय या प्रश्नाला धार आली आहे. दुसरी बाजू माणसाच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची आहे. ही ग्रंथी अन्नातील आयोडीन शोषून घेऊन शरीराला आवश्यक संप्रेरके तयार करते, आणि आयोडीनच्या कमतरतेमुळे गलगंड होऊ नये म्हणूनच भारतात खाण्याच्या मिठात आयोडीन मिसळले जाते. परक्लोरेट नेमके हे शोषण अडवते. मंगळावरील बारीक धूळ पोशाखाला चिकटून राहण्याच्या जागेत येणार, तेथील मातीत भाजी पिकवायची तर आधी ती माती धुऊन घ्यावी लागणार, आणि धुतलेल्या पाण्यातून तो क्षार पुन्हा वेगळा काढावा लागणार. मंगळावरील शेतीची चित्रे रंगवताना या धुण्याचा विचार क्वचितच केलेला दिसतो.

मंगळाच्या हवेतूनही प्राणवायू मिळतो हे आता सिद्ध झाले आहे. पर्सिव्हिअरन्स या फिरत्या यानावरील मॉक्सी नावाच्या उपकरणाने तेथील कार्बन डायऑक्साइड वायूचे विघटन करून २०२१ ते २०२३ या काळात १६ वेळा मिळून १२२ ग्रॅम प्राणवायू तयार केला. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे हे उत्पादन एका माणसाच्या साडेतीन तासांच्या श्वासाइतके होते. आणि चार माणसांना मंगळावरून परत उचलण्यासाठी अग्निबाणाला सुमारे २५ टन प्राणवायू लागेल असा अंदाज आहे. मॉक्सीने दुसऱ्या ग्रहावर तेथल्याच द्रव्यापासून माणसाच्या उपयोगाची वस्तू प्रथमच बनवली, हे त्याचे यश निर्विवाद आहे. ग्रॅमपासून टनांपर्यंतचे अंतर मात्र अजून कापायचे आहे, आणि ते कापल्याशिवाय मंगळावर माणूस पाठवण्याच्या तारखा जाहीर करणे हे त्या माणसांच्या जिवाकडे केलेले दुर्लक्ष ठरेल.

चंद्राची परिस्थिती वेगळी आहे. तेथे हवा नाही, परंतु मातीच्या वजनात चाळीस टक्क्यांहून अधिक प्राणवायू खनिजांत बांधलेला आहे. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी आणलेल्या खडकांत इल्मेनाइट हे लोह, टायटॅनिअम आणि प्राणवायू यांचे खनिज विपुल आढळले. कोकणच्या वाचकाला हे खनिज अनोळखी नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील जड काळी वाळू ज्यामुळे काळी दिसते ते हेच. इल्मेनाइट सुमारे ९०० ते १,००० अंश सेल्सिअसला तापवून त्यावरून हायड्रोजन वायू सोडला की खनिजातील लोहाशी जडलेला प्राणवायू हायड्रोजनशी संयोग पावून पाण्याची वाफ बनते. त्या पाण्याचे विजेने विघटन केले की प्राणवायू हाती येतो आणि हायड्रोजन पुन्हा वापरता येतो. मूळ हायड्रोजन कोठून आणायचा हा प्रश्न तरीही उरतो आणि तो ध्रुवांकडे नेतो. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंशाने कललेला असल्यामुळे ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी अब्जावधी वर्षे ऊन पडलेले नाही आणि तेथील तापमान उणे २०० अंशांच्याही खाली जाते. २००८ मध्ये सुटलेल्या चांद्रयान-१ वरील अमेरिकी खनिजमापकाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा दाखवल्या. २००९ मध्ये केबियस विवरावर मुद्दाम आदळवलेल्या अग्निबाणाच्या भागाने उडवलेल्या धुरळ्यात काही टक्के पाणी आढळले. चांद्रयान-१ च्याच नोंदींवरून २०१८ मध्ये त्या सावल्यांत पृष्ठभागावर बर्फ असल्याचा थेट पुरावा मांडला गेला.

पाण्याचे विघटन करून मिळणारे वायू पुरेसे थंड केले की द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप प्राणवायू मिळतो, आणि एलव्हीएम-३ चे वरच्या टप्प्यावरील अतिशीत इंजिन याच जोडीवर चालते. चंद्रावरचे बर्फ म्हणजे पिण्याचे पाणी, श्वास, किरणोत्सारापासून संरक्षण आणि इंधन, हे चारही. म्हणूनच दक्षिण ध्रुवाकडे सर्वांची दृष्टी लागली आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ ध्रुवापासून अजून दूर, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले, आणि त्याच्या तापमापकाने तेथे जे दाखवले ते लक्षणीय आहे: पृष्ठभाग ५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असताना केवळ आठ सेंटीमीटर खाली तापमान उणे १० अंश होते. इतक्या उथळ अंतरावर माती इतकी निवत असेल, तर बर्फ पूर्वी मानले त्याहून विस्तृत प्रदेशात जमिनीखाली टिकलेले असू शकते. तरी हे बर्फ खणून आजवर कोणी हाती घेतलेले नाही. त्यासाठी खणित्र घेऊन गेलेले एक अमेरिकी खासगी यान मार्च २०२५ मध्ये ध्रुवाजवळ उतरताना आडवे पडले आणि खणणे राहून गेले. जपानच्या सहकार्याने आखलेली चांद्रयान-५ ही मोहीम याच कामासाठी आहे. तिला मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली.

चंद्राच्या संपत्तीची चर्चा निघाली की हेलिअम-३ चे नाव हमखास निघते, आणि सिंधुदुर्गात ते विशेष आपुलकीने घेतले जाते, कारण सूर्यप्रकाशातील पिवळ्या रेषेवरून हेलिअमची ओळख पटवणारे नॉर्मन लॉकयर २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी विजयदुर्गावर आले होते. त्यांनी हेलिअमचा शोध याच किल्ल्यावर लावला असे जे सांगितले जाते ते बरोबर नाही. ती रेषा १८६८ मध्ये नोंदली गेली तेव्हा लॉकयर इंग्लंडमध्ये होते. हेलिअम-३ वर चालणारी वीजनिर्मिती आज जगात कोठेही अस्तित्वात नाही, तेव्हा त्यासाठी चंद्र खणण्याची योजना निदान या पिढीसाठी बाजूला ठेवणेच योग्य. बर्फाची गोष्ट तशी नाही. त्याचा उपयोग पहिल्या दिवसापासून आहे, आणि म्हणून त्याच्या मालकीचा वादही तितकाच निकट आहे.

येथे शिरोड्याच्या इतिहासाकडे वळावे लागते. ब्रिटिश अमलाखाली मुंबई इलाख्यात परवान्यावाचून मीठ बनवणे हा गुन्हा होता आणि मिठावर कर होता. समुद्र सर्वांचा, ऊन सर्वांचे, श्रम ज्याचे त्याचे. तरी त्या तिघांच्या मिलाफातून तयार झालेला खडा उचलणारा माणूस कायद्याने चोर ठरत असे. ६ एप्रिल १९३० रोजी महात्मा गांधींनी दांडी येथे मूठभर मीठ उचलले, आणि पुढच्या महिन्यात तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोडा येथे, मिठागरांत मीठ तयार असण्याच्या ऐन हंगामात, महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या सत्याग्रहींनी मिठागरांत शिरून मीठ उचलले. पोलिसांच्या लाठ्या त्यांनी प्रतिकार न करता सोसल्या आणि अनेकांनी तुरुंगवास पत्करला. कायदा एकदम रद्द झाला नाही. परंतु ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात एक कलम आले: ज्या गावांलगत मीठ गोळा करता किंवा बनवता येते, त्या गावांतील रहिवाशांना घरगुती वापरासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी मीठ घेण्याची मुभा राहील, मात्र गावाबाहेरच्यांशी त्याचा व्यापार करता येणार नाही. स्थानिक गरजेसाठी घेणे आणि नफ्यासाठी दूर विकणे यांत त्या कलमाने रेष ओढली. राजकीयदृष्ट्या ती अपुरी तडजोड होती आणि तिच्यावर टीकाही झाली. पण सर्वांच्या मालकीच्या वस्तूचा वापर कसा वाटून द्यावा याचा विचार म्हणून ती आजही अभ्यासण्यासारखी आहे.

अवकाशाच्या कायद्यात अशी रेष अजून ओढलेली नाही. १९६७ च्या अवकाश कराराप्रमाणे चंद्र किंवा कोणताही खगोल कोणत्याही राष्ट्राच्या मालकीचा होऊ शकत नाही, आणि त्याचा वापर मात्र सर्वांना खुला आहे. भूमी कोणाची नाही हे यावरून स्पष्ट होते. त्या भूमीतून काढलेले बर्फ काढणाऱ्याचे होते काय, याचे उत्तर त्यात नाही. १९७९ च्या चंद्र करारात चंद्राची साधनसंपत्ती हा समस्त मानवजातीचा वारसा मानला गेला. भारताने त्यावर १९८२ मध्ये स्वाक्षरी केली, परंतु त्याला अंतिम मान्यता दिली नाही; अवकाशात माणसे पाठवणाऱ्या अमेरिका, रशिया आणि चीन यांपैकी कोणीच त्यात सामील नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये आपापल्या कंपन्यांना काढलेल्या साधनसंपत्तीवर मालकी देणारे कायदे केले. २०२० च्या अखेरीस अमेरिकी अवकाशसंस्थेने चंद्रावरची थोडीशी माती विकत घेण्याचे करार काही कंपन्यांशी केले आणि त्यांतील एका कराराची किंमत अवघी एक डॉलर होती. माती कोणालाच नको होती. चंद्रावरची वस्तू विकता येते असा पायंडा हवा होता. दांडीच्या मुठीप्रमाणे हाही एका क्षुल्लक वस्तूच्या द्वारे केलेला कायद्याचा युक्तिवाद होता. फरक इतकाच की दांडीला उचलणारा माणूस मक्तेदारी मोडू पाहत होता, आणि येथे मालकीचा पहिला दाखला तयार होत होता.

भारताची आजची भूमिका या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे आणि ती अधिक स्पष्ट व्हायला हवी. २१ जून २०२३ रोजी भारताने चंद्रावरील कामाच्या तत्त्वांविषयीच्या, अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस सहमतीवर स्वाक्षरी केली. साधनसंपत्ती काढणे म्हणजे आपोआप भूमी बळकावणे नव्हे, असे त्या दस्तऐवजात म्हटले आहे, आणि काम चाललेल्या जागेभोवती इतरांनी समन्वयाने वागावे यासाठी सुरक्षाक्षेत्रांची तरतूद आहे. त्याच वर्षीच्या भारतीय अवकाश धोरणात खासगी संस्थांना लघुग्रहांवरील व अवकाशातील साधनसंपत्ती मिळवण्यास उत्तेजन दिले असून, लागू असलेल्या कायद्यांच्या व आंतरराष्ट्रीय बंधनांच्या मर्यादेत ती बाळगण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला आहे. चंद्राच्या ध्रुवाजवळ जवळजवळ सतत ऊन असणारे कडे आणि त्यांच्यालगत बर्फ असणाऱ्या सावल्या अशा जागा मोजक्याच आहेत. तेथे प्रथम पोचणाऱ्याचे सुरक्षाक्षेत्र हेच व्यवहारात कुंपण ठरले, तर करारातील सर्वांना खुला असलेला वापर कागदावरच राहील. चीन आणि रशिया यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेले चंद्रावरील संशोधनतळही याच दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशात नियोजित आहे, म्हणून हा तर्क दूरच्या काळाचा नाही.

मिठाचे उदाहरण एका ठिकाणी अपुरे पडते आणि ते नोंदवलेच पाहिजे. मिठागरातून मीठ काढले तरी पुढच्या भरतीला समुद्र वाफा पुन्हा भरतो. चंद्राच्या विवरातील बर्फ अब्जावधी वर्षांत साठलेले आहे आणि एकदा तोडले की मानवी काळाच्या मानाने ते परत येणार नाही. त्याच्या थरांत धूमकेतूंचे, सौरवाऱ्याचे आणि कदाचित चंद्रावरील प्राचीन ज्वालामुखींचे पाणी कोणत्या क्रमाने आले याची नोंद असण्याची शक्यता आहे, आणि इंधनासाठी वितळवलेल्या बर्फाबरोबर ती नोंदही जाईल. तेव्हा गांधी-आयर्विन करारातील रेष येथे आणखी पुढे न्यावी लागेल: तेथे राहणाऱ्यांच्या जगण्यासाठी लागणारे पाणी सर्व देशांच्या माणसांना सारखे मोकळे, इंधनासाठी आणि विक्रीसाठीचे उत्खनन मोजमाप, जाहीर नोंद आणि मर्यादा यांच्या अधीन, आणि काही विवरे विज्ञानासाठी पूर्णपणे राखीव. संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अवकाशविषयक समितीने साधनसंपत्तीच्या प्रश्नासाठी २०२१ मध्ये नेमलेल्या कार्यगटाला तत्त्वांचा मसुदा २०२७ पर्यंत पुढे न्यायचा आहे. चंद्रावर पाण्याच्या खुणा दाखवणारे यान पाठवणारा आणि ते पाणी खणून तपासणारी मोहीम आखणारा भारत या कार्यगटात अशी मांडणी करण्याच्या स्थितीत आहे, आणि त्यासाठी त्याने चांद्रयान-५ च्या निष्कर्षांची वाट पाहण्याचे कारण नाही.